सॉफ्टवेअरची वही कुठल्या कपाटात ठेवायची

२०१० सालच्या द्राक्ष हंगामात तासगावजवळच्या एका कृषी सेवा केंद्रातून मला फोन आला. "मॅडम, बाजारादिवशीची उधारी दिसंना झालीय." खतं, बियाणं आणि औषधं विकणाऱ्या त्या दुकानात माझं बिलिंगचं सॉफ्टवेअर चालायचं. मालकांना गावात सगळे अण्णा म्हणतात. द्राक्षाचा पैसा हातात येईपर्यंत बागायतदाराची औषधं उधारीवरच असतात, त्यामुळे उधारीची वही हीच त्या दुकानाची खरी मालमत्ता. ती दिसत नाही म्हटल्यावर मी दुपारच्या एसटीनं निघाले.

दोन महिन्यांपूर्वीच तिथे विंडोज ७ चा नवा कॉम्प्युटर आला होता. जुन्या एक्सपीवर सगळे एकाच लॉगिनवर काम करायचे. नव्यावर अण्णांनी स्वतःचं एक लॉगिन केलं होतं आणि दिवाणजींना वेगळं दिलं होतं. दिवाणजींनी मांडलेली उधारी अण्णांना दिसत नव्हती, अण्णांनी घेतलेली जमा दिवाणजींना दिसत नव्हती. सगळे प्रोग्रॅम जिथे बसतात त्या 'प्रोग्रॅम फाइल्स'मधला माझा फोल्डर मी उघडला. डेटाची फाइल जागेवर होती, पण तिच्यावरची तारीख प्रोग्रॅम बसवला त्या दिवशीची. दोन महिन्यांत तिला कुणाचा हात लागला नव्हता. मग खिडकीच्या वरच्या पट्टीत 'कम्पॅटिबिलिटी फाइल्स' असं बटण दिसलं. ते दाबलं तर भलत्याच फोल्डरमध्ये पोचले आणि तिथे तीच फाइल, कालच्या तारखेची. दिवाणजींच्या लॉगिनमध्ये जाऊन तेच बटण दाबलं, तर तिथे तिसरी.

चूक माझी होती. प्रोग्रॅम व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) या जुन्या भाषेत लिहिलेला, आणि डेटाची फाइल, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा डेटाबेस, मी प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. 'ॲप डॉट पाथ', म्हणजे प्रोग्रॅम जिथे आहे तो फोल्डर, आणि पुढे फाइलचं नाव, एवढी एक ओळ. एक्सपीवर सगळेच ॲडमिनिस्ट्रेटर असल्यामुळे ते खपून गेलं. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हापासून ॲडमिनिस्ट्रेटरचे प्रोग्रॅमही एरवी साध्या अधिकारांतच चालतात, आणि साध्या अधिकारांत प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिता येत नाही. जुने प्रोग्रॅम एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोजनं एक सोय ठेवली. प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल आणि त्याला कोणते अधिकार लागतात हे मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमबरोबरच्या माहितीपत्रकात, लिहिलेलं नसेल, तर त्यानं तिथे लिहिलेलं सगळं त्या त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरकडे वळवलं जातं. प्रोग्रॅमला वाटतं फाइल जागेवरच आहे. प्रत्यक्षात प्रत्येक लॉगिनची वही वेगळी होऊन बसते.

दोन्ही फाइलींच्या प्रिंट काढून आम्ही गल्ल्यामागे बसलो. बिल नंबर ११४३ दोन शेतकऱ्यांच्या नावावर होता, एकाचा युरिया आणि दुसऱ्याचा बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठीचा मोरचूद. दोन दिवस लागले. निघताना अण्णा म्हणाले, "आमची वही कुठं ठेवलीय तेवढं सांगून ठेवा आम्हाला."

तेव्हापासून कुठलंही डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहायला घेतलं की स्क्रीन आखण्याआधी मी फाइलींची जागा ठरवते. ती कशी ठरवते ते लिहिते. बहुतेक उदाहरणं विंडोजची आहेत, कारण दुकानांमध्ये तेच असतं.

आधी फाइल कुणाची ते ठरवा

एक कागद घ्या आणि तुमचा प्रोग्रॅम डिस्कवर जे जे लिहितो त्याची यादी करा. डेटाबेस, सेटिंग, लॉग, पाठवण्यासाठी तयार होणाऱ्या पीडीएफ, कंपन्यांची उतरवून घेतलेली दरपत्रकं, लायसन्सची फाइल, दुकानाचा लोगो. मी पहिल्यांदा यादी केली तेव्हा अकरा फाइली निघाल्या. मला वाटत होतं तीनच आहेत.

मग प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. हरवली तर पुन्हा तयार करता येईल का? ती एका माणसाची आहे की या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या सगळ्यांची? आणि वापरणारा माणूस ती स्वतः शोधायला जाईल का?

दुकानातसुद्धा हीच वाटणी असते. खतावणी लोखंडी कपाटात, आकडेमोडीचा कागद संध्याकाळी कचऱ्यात, आणि बिल गिऱ्हाइकाच्या खिशात. या तिन्ही गोष्टी एकाच खणात कोंबायच्या असं कुठला दिवाणजी म्हणणार नाही. आपण मात्र प्रोग्रॅममध्ये 'डेटा' नावाचा एक फोल्डर करतो आणि सगळं त्यात टाकतो. मग बॅकअप घेताना ४० एमबीच्या वहीबरोबर दोन जीबीची रद्दीही पेनड्राइव्हवर चढते. एक दिवस कुणीतरी जागा करायला रद्दी पुसायला जातं आणि वहीही पुसतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. अण्णांनी एखाद्या शेतकऱ्याच्या खात्याचा उतारा पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवायचा ठरवला, तर ती पीडीएफ त्यांना सापडली पाहिजे. ती डॉक्युमेंट्समध्ये किंवा त्यांनी स्वतः निवडलेल्या जागी जाते, आणि मागच्या वेळी कुठे ठेवली होती ते प्रोग्रॅमनं लक्षात ठेवायचं. माणसानं हेतूनं तयार केलेली वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर हवी. प्रोग्रॅमच्या आतल्या फाइली मात्र डॉक्युमेंट्समध्ये अजिबात टाकू नका. ते फोल्डर त्या माणसाचं आहे. तिथे त्याच्या मुलीच्या दहावीच्या मार्कलिस्टचं स्कॅन असतं, सातबारा असतो. आपल्या फाइलींची तिथे गर्दी करायचा आपल्याला अधिकार नाही.

विंडोजवर

प्रोग्रॅम फाइल्स फक्त वाचण्यासाठी. एक्सई (मुख्य प्रोग्रॅम), डीएलएल (त्याचे जोडभाग), रिपोर्टचे नमुने, मराठी फॉन्ट हे सगळं तिथे, आणि इन्स्टॉलर संपल्यानंतर तिथे काहीही लिहायचं नाही.

एका माणसाच्या फाइलींसाठी ॲपडेटा. त्यात दोन मुख्य भाग आहेत, लोकल आणि रोमिंग. मोठ्या ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये रोमिंग प्रोफाइल चालू असेल, तर रोमिंगमधलं सगळं लॉगिनच्या वेळी सर्व्हरवरून येतं आणि लॉगआउटच्या वेळी परत जातं. तिथे मोठा डेटाबेस ठेवलात तर सकाळी लॉगिन व्हायला चहा पिऊन होईल. रोमिंगमध्ये जावं ते फक्त त्या माणसाबरोबर फिरण्यासारखं: भाषा मराठी की इंग्रजी, अक्षराचा आकार, शॉर्टकट. प्रिंटरचं नाव मात्र लोकलमध्ये. काउंटरवरच्या तीन इंची थर्मल प्रिंटरचं नाव आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर पोचून काही उपयोग नाही, उलट तिथली प्रिंट अडते. शंका असेल तेव्हा लोकल निवडा. इलेक्ट्रॉनमध्ये, म्हणजे वेबच्या भाषांत डेस्कटॉप ॲप करायच्या साधनात, लिहिणाऱ्यांनी हे जास्त जपावं, कारण त्याची 'युजरडेटा' ही जागा विंडोजवर मुळातच रोमिंगमध्ये असते.

लॉग आणि पुन्हा तयार करता येणाऱ्या फाइली लोकलमध्येच, पण वेगवेगळ्या उपफोल्डरमध्ये. लॉगला मर्यादा घाला. मी दहा फाइली ठेवते, प्रत्येकी पाच एमबी, अकरावी आली की सगळ्यात जुनी जाते. टेम्प फोल्डरमध्ये फक्त तेच, जे पुढच्या मिनिटाला गेलं तरी चालेल. विंडोजची स्टोरेज सेन्स ही सोय तो फोल्डर साफ करते, आणि दुरुस्तीला येणारी मुलंही पहिल्यांदा तोच साफ करतात.

आता सगळ्यांची मिळून एक असलेली फाइल, म्हणजे अण्णा आणि दिवाणजींची खतावणी. तिची जागा प्रोग्रॅमडेटा, विंडोजचा सगळ्या वापरकर्त्यांसाठीचा फोल्डर. इथे मी दुसऱ्यांदा ठेच खाल्ली, म्हणून जरा थांबून सांगते. प्रोग्रॅमडेटामध्ये साध्या वापरकर्त्याला नवी फाइल करता येते, पण दुसऱ्यानं केलेली फाइल बदलता येत नाही, फक्त वाचता येते. मी डेटाबेस तिथे हलवला, अण्णांनी पहिल्यांदा प्रोग्रॅम उघडला, फाइल त्यांच्या मालकीची झाली. दिवाणजी बसले की खाती दिसायची, नवं बिल मात्र सेव्ह होत नव्हतं. उपाय साधा आहे, पण तो इन्स्टॉलरमध्येच करावा लागतो, कारण तेव्हाच ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार हातात असतात. प्रोग्रॅमडेटामध्ये आपला उपफोल्डर इन्स्टॉलरनं करायचा आणि 'युजर्स' गटाला त्यावर मॉडिफायचे अधिकार द्यायचे. इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवायच्या साधनात डिरेक्टरीच्या ओळीत 'युजर्स-मॉडिफाय' एवढं लिहिलं की झालं.

असे अधिकार दिलेल्या फोल्डरमध्ये एक्सई, डीएलएल किंवा प्लगइन कधीही ठेवू नका. तिथे कुणीही लिहू शकतो, म्हणजे कुणीही तुमची डीएलएल बदलून स्वतःची ठेवू शकतो, आणि पुढचा माणूस विश्वासानं ती चालवेल. वही सगळ्यांना लिहिण्यासाठी असते, कुलूप नाही.

या जागांचे पाथ, म्हणजे डिस्कवरचे पूर्ण पत्ते, हातानं लिहू नका. 'सी:\युजर्स\' असं स्वतः जोडून पाथ तयार केलेला मी अजून पाहते. एक्सपीत हाच फोल्डर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' होता, व्हिस्टात 'युजर्स' झाला. विंडोज सी वरच असेल याचीही खात्री नसते. सिस्टिमला विचारा. सी शार्पमध्ये एन्व्हायर्नमेंटचं 'गेट फोल्डर पाथ', त्यात 'लोकल ॲप्लिकेशन डेटा' किंवा 'कॉमन ॲप्लिकेशन डेटा'. सी प्लस प्लसमध्ये 'एसएच गेट नोन फोल्डर पाथ'. पायथॉनमध्ये 'प्लॅटफॉर्मडर्स' हे पॅकेज, क्यूटीमध्ये 'क्यू स्टँडर्ड पाथ्स'. मिळालेल्या पाथखाली आधी तुमच्या संस्थेच्या नावाचा आणि त्यात प्रोग्रॅमच्या नावाचा फोल्डर करा. नुसतं 'बिलिंग' असं नाव ठेवलंत तर उद्या दुसऱ्या कुणाचं 'बिलिंग' येऊन त्यात बसेल.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगच्या कोठारात, सेटिंग ठेवणं चूक नाही, मी मात्र सोडून दिलं. फाइल असली की ग्राहकाला "ती मला पाठवा" असं फोनवर सांगता येतं.

"डी ड्राइव्हवर ठेवा, मॅडम"

नियमाप्रमाणे सगळं झालं आणि मग आपल्याकडची खरी परिस्थिती समोर आली. कॉम्प्युटर हळू झाला की जवळचा दुरुस्तीवाला बोलावतात, आणि तो म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो." जाण्याआधी तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स डी ड्राइव्हवर काढून ठेवतो. प्रोग्रॅमडेटा आणि ॲपडेटा हे दोन्ही फोल्डर लपवलेले असतात, त्याला ते दिसतच नाहीत. विंडोजच्या नियमाप्रमाणे अगदी योग्य जागी ठेवलेली वही अशा वेळी सगळ्यात आधी जाते. त्यामुळे दुकानदार जेव्हा डी ड्राइव्हचा आग्रह धरतो तेव्हा त्याला अडाणी समजू नका. तो अनुभवानं बोलतो.

मी मधला रस्ता काढला आहे. पहिल्यांदा प्रोग्रॅम उघडला की तो विचारतो, "हिशेबाचा डेटा कुठे ठेवायचा?" आधीच भरलेलं उत्तर प्रोग्रॅमडेटाचं असतं, पण दुकानदाराला दुसरा फोल्डर निवडता येतो. निवडलेला पाथ मी एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवते, आणि ती छोटी फाइल मात्र नेहमी प्रोग्रॅमडेटामध्येच असते. म्हणजे प्रोग्रॅमला एक ठरलेली जागा माहीत असते आणि तिथे खऱ्या वहीचा पत्ता मिळतो. निवडलेल्या फोल्डरमध्ये लगेच एक चाचणीची फाइल लिहून, वाचून, पुसून पाहा. ते दोन्ही लॉगिनमधून जमलं पाहिजे. डी ड्राइव्हवरही परवानगीचे घोळ असतात.

या पद्धतीत एक मोठा धोका आहे. समजा डी ड्राइव्हचं अक्षर बदलून ई झालं, किंवा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर होता आणि ती आज जोडलेली नाही. प्रोग्रॅम पत्ता वाचतो, तिथे फाइल नाही. अशा वेळी बरेच प्रोग्रॅम नवी कोरी फाइल तयार करून कामाला लागतात. एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस तर साध्या 'ओपन'वर स्वतःच नवी फाइल करतो. दुकानदाराला शून्य बाकी दिसते, तो घाबरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे गर्दीत त्याच्या लक्षातच येत नाही आणि तो कोऱ्या वहीत बिलं करत राहतो. म्हणून नवी वही फक्त 'नवीन दुकान सुरू करा' हे बटण दाबल्यावरच तयार व्हावी. एरवी फाइल सापडली नाही, तर प्रोग्रॅमनं तिथेच थांबावं आणि कोणत्या पाथवर काय शोधलं ते मराठीत सांगावं. एसक्यूलाइट उघडताना 'रीडराइट' हा पर्याय द्या, 'क्रिएट' देऊ नका. ही एक ओळ तासगावच्या त्या दोन दिवसांइतकी मोलाची आहे.

आणि अण्णांनी मागितलं होतं तेही करा. 'मदत' मेनूमध्ये 'डेटा फोल्डर उघडा' असं बटण ठेवा. दाबलं की एक्सप्लोरर त्या जागी उघडला पाहिजे. लपवलेला फोल्डर असला तरी तो असा थेट उघडता येतो. मी पडद्याच्या तळाच्या पट्टीतही पूर्ण पाथ लिहिते, बारीक अक्षरात, आणि त्याच्या शेजारी शेवटच्या बॅकअपची तारीख.

चालू वही सिंकच्या फोल्डरमध्ये नको

नव्या लॅपटॉपवर वनड्राइव्ह (फाइलींची प्रत इंटरनेटवर ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सिंकची सोय) चालू असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरची जागाच बदलून वनड्राइव्हच्या आत गेलेली असू शकते. लोकांना वाटतं की बरं झालं, आपोआप बॅकअप. पण डेटाबेस ही फोटोसारखी फाइल नाही. ती दिवसभर उघडी असते आणि तिच्या पोटात सतत बदल चाललेले असतात. एसक्यूलाइटची डब्ल्यूएएल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहायची) चालू असेल तर मुख्य फाइलच्या शेजारी आणखी दोन फाइली असतात, आणि ताज्या नोंदी कधीकधी त्यातल्या एकीतच असतात, मुख्य फाइलमध्ये अजून उतरलेल्या नसतात. सिंक करणारं सॉफ्टवेअर या तिन्ही फाइली वेगवेगळ्या क्षणी उचलतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं तर वही अर्धवट, किंवा फाइलच्या नावाला कॉम्प्युटरचं नाव जोडलेली दुसरी प्रत शेजारी येऊन बसलेली.

म्हणून चालू वही सिंकच्या बाहेर, आणि बंद केलेली बॅकअपची प्रत आत. प्रत काढताना नुसती फाइल कॉपी करू नका. एसक्यूलाइटमध्ये २०१९ च्या ३.२७ आवृत्तीपासून 'व्हॅक्यूम इन्टू' आहे, त्यानं चालू डेटाबेसची एकसंध प्रत नव्या फाइलमध्ये मिळते. मी ती आधी डेटाच्याच फोल्डरमध्ये काढते, उघडून तपासते, आणि मग सिंकच्या फोल्डरमध्ये हलवते. दुकानदारानं रात्री 'दुकान बंद' दाबलं की हे होतं.

हे इतकं जपायचं कारण कायद्यातही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. ही तारीख पुढच्या ३१ डिसेंबरची धरली तर मार्चमध्ये संपलेल्या वर्षाची वही पुढची पावणेसात वर्षं हाताशी हवी. इतक्या काळात दुकानातला कॉम्प्युटर एकदा तरी बदलतो. ३१ मार्चची प्रत मी वर्षाच्या नावानं वेगळी काढून देते आणि ती फक्त वाचण्यापुरती ठेवते.

दोन काउंटर असतील तर एसक्यूलाइटची फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून दोन्हीकडून उघडायचा मोह टाळा. डब्ल्यूएएल नेटवर्कवरच्या फोल्डरवर चालतच नाही, आणि साध्या पद्धतीतही नेटवर्कवरच्या लॉकवर भरवसा ठेवता येत नाही. तिथे एका कॉम्प्युटरवर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा डेटाबेस सर्व्हर बसवा.

देवनागरी नावाचं खातं

हे मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकानं तपासायलाच हवं, आणि इंग्रजी पुस्तकांत ते सापडणार नाही. आपल्याकडे पुष्कळ लोक विंडोजचं खातं करताना स्वतःचं किंवा दुकानाचं नाव देवनागरीत टाइप करतात. त्यात काहीच गैर नाही, त्यांचा कॉम्प्युटर आहे. मग त्यांच्या प्रोफाइलचा फोल्डरही देवनागरीत तयार होतो, आणि ॲपडेटाचा सगळा पाथ त्या नावातून जातो.

विंडोजच्या जुन्या, एएनएसआय पद्धतीच्या फंक्शनमध्ये देवनागरीसाठी कोडपेजच, म्हणजे अक्षरांचा तक्ताच, नाही. देवनागरी विंडोजवर पहिल्यापासून फक्त युनिकोडमधून चालते. त्यामुळे जुन्या फंक्शननं पाथ मागितला की 'श्रीकृष्ण'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते, आणि प्रश्नचिन्ह फाइलच्या नावात चालत नाही. व्हीबी ६ च्या फाइल उघडण्याच्या आज्ञा अशाच आहेत. सी प्लस प्लसमध्ये शेवटी डब्ल्यू असलेली फंक्शन वापरा. एसक्यूलाइटला पाथ देताना तो यूटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीत द्या. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये सांगून सगळा प्रोग्रॅमच यूटीएफ-८ वर चालवता येतो, त्यानं जुन्या कोडची बरीच दुरुस्ती वाचते.

माझ्या कॉम्प्युटरवर 'चाचणी क्षेत्र' नावाचं एक साधं, ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं खातं आहे. त्यात मुद्दाम जोडाक्षर आहे आणि मधे मोकळी जागाही. प्रत्येक नवी आवृत्ती मी आधी त्या खात्यात बसवून बिल करते, छापते, बॅकअप घेते. रिपोर्ट तयार करणारी एक बाहेरची लायब्ररी याच चाचणीत अडली होती. पाथ लांब असतील तर २६० अक्षरांची जुनी मर्यादाही इथेच लक्षात येते.

मॅक आणि लिनक्स

इथे गोष्टी जास्त सरळ आहेत. मॅकवर घरच्या फोल्डरातल्या लायब्ररीत 'ॲप्लिकेशन सपोर्ट'मध्ये डेटा, 'कॅशेस'मध्ये रद्दी, 'लॉग्ज'मध्ये लॉग, आणि 'प्रेफरन्सेस' सिस्टिमच्याच सोयीतून. सँडबॉक्स (बंदिस्त जागा) असलेल्या ॲपला याच जागा 'कंटेनर्स'च्या आत मिळतात, म्हणून तिथेही पाथ विचारूनच घ्या.

लिनक्सवर एक्सडीजीचा, म्हणजे लिनक्स डेस्कटॉपच्या सामायिक नियमावलीतला, बेस डिरेक्टरी नियम पाळा. सेटिंग 'डॉट कॉन्फिग'मध्ये, डेटा 'डॉट लोकल'च्या आतल्या 'शेअर'मध्ये, पुन्हा तयार होणारं 'डॉट कॅश'मध्ये. लॉग आणि 'शेवटचं काय उघडलं होतं' अशा नोंदींसाठी २०२१ मध्ये 'डॉट लोकल'मध्येच 'स्टेट' अशी वेगळी जागा आली. वापरणाऱ्यानं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून जागा बदलली असेल तर तिचा मान राखा. घरच्या फोल्डरमध्ये थेट स्वतःचा डॉट फोल्डर टाकायची जुनी सवय सोडा.

पेनड्राइव्हवरून चालणारी आवृत्ती हवी असेल, सीएच्या ऑफिसातली मुलं ती मागतात, तर एक खूण ठरवा. नोटपॅड प्लस प्लस एक्सईच्या शेजारी ठराविक नावाची रिकामी फाइल दिसली की सेटिंग तिथेच ठेवतं, आणि व्हीएस कोड शेजारी 'डेटा' नावाचा फोल्डर दिसला की तो वापरतं. खूण नसेल तर नेहमीच्या जागा.

जुना डेटा हलवताना

नव्यानं लिहिणाऱ्याचं काम इथे संपतं. ज्यांचे प्रोग्रॅम आधीच चुकीच्या जागी लिहीत आहेत, त्यांचं सगळ्यात नाजूक काम आता सुरू होतं. वर्षानुवर्षांची वही एका कपाटातून दुसऱ्यात न्यायची आहे, आणि ग्राहकाला वाटेल की फक्त अपडेट आलं.

अनइन्स्टॉलरला पहिल्यांदा आवरा. बरेच लोक अपडेट म्हणून जुनं काढून नवं बसवतात, त्यामुळे अनइन्स्टॉलरनं डेटाला हात लावता कामा नये. पुसायचा पर्याय द्यायचाच असेल तर वेगळा, स्पष्ट प्रश्न विचारून, आणि आधीच भरलेलं उत्तर 'नाही'. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एमएसआयएक्स या पॅकेजच्या पद्धतीनं देत असाल तर लक्षात ठेवा, ॲपडेटामध्ये लिहिलेलं तिथे खाजगी जागी जातं आणि ॲप काढलं की तेही जातं. तिथे वही बाहेरच ठेवावी लागते.

नवी आवृत्ती बसवताना जुन्या सगळ्या जागा शोधाव्यात: प्रोग्रॅम फाइल्समधला जुना फोल्डर, आणि त्या कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक वापरकर्त्याचं व्हर्च्युअलस्टोअर. दुसऱ्यांचे फोल्डर साध्या अधिकारांत उघडत नाहीत, म्हणून ही शोधाशोध मी इन्स्टॉलरमध्ये करते. नव्या मॅनिफेस्टमध्ये अधिकार लिहिले की व्हर्च्युअलस्टोअरचं वळण बंद होतं, आणि तिथे पडलेली फाइल प्रोग्रॅमला अचानक दिसेनाशी होते. हे बदल एकाच आवृत्तीत, शोध आधी आणि मॅनिफेस्ट नंतर अशा क्रमानं झाले पाहिजेत.

एकच वही सापडली तर तिची प्रत नव्या जागी वेगळ्या नावानं न्या, उघडून बिलांची संख्या आणि एकूण बाकी जुन्याशी ताडून पाहा, जुळली तरच खरं नाव द्या. जुनी पुसू नका, नावापुढे तारीख लावून तिथेच राहू द्या.

दोन सापडल्या तर प्रोग्रॅमनं स्वतः काही ठरवू नये. माझा प्रोग्रॅम तिथे थांबतो, दोन्ही फाइलींचे पाथ, शेवटची तारीख आणि शेवटचा बिल नंबर पडद्यावर शेजारी शेजारी मांडतो, आणि खाली माझा फोन नंबर दाखवतो.